दंड असावा, पण मात्रेने

(वसई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शासनाच्या कारवाईला मर्यादा घालणारे प्रमाणशीरतेचे तत्त्व, हा आजचा विषय. नाव ऐकताच हा वकील मंडळींनी आपसात चर्चावयाचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. परंतु आपल्या या पालघर जिल्ह्याने गेल्या दीड दशकात तीन प्रसंग असे पाहिले आहेत, की या तत्त्वाचा अभ्यास दिल्लीपेक्षा येथेच अधिक चांगला व्हावा. २०१२ मध्ये पालघर गावात दोन तरुणींना फेसबुकवरील चार ओळींसाठी अटक झाली. २०२५ च्या आरंभी नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती पाडण्याची मोहीम पूर्ण झाली. त्याच वर्षी गणेशोत्सवाच्या तोंडावर विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे दगावली. पहिल्या प्रसंगी शासनाने नको तेथे बळ वापरले. दुसऱ्या प्रसंगी अनेक वर्षे न वापरलेले बळ एकदम वापरावे लागले. तिसऱ्या प्रसंगी ते वेळेवर वापरलेच गेले नाही. वरवर पाहता हे तीन वेगळे विषय आहेत. माझे म्हणणे असे, की हा एकच विषय आहे आणि त्याचे नाव आहे मात्रा.

अधिकार आणि मात्रा

वैद्याकडे औषधी असते. ती खरी असते, गुणकारी असते, आणि ती देण्याचा त्याला अधिकारही असतो. तरीही मात्रा चुकली तर रोगी दगावतो. तेथे ‘मला औषध देण्याचा अधिकार होता’ हे वैद्याचे उत्तर कोणी ऐकून घेत नाही. शासनाचेही असेच आहे. एखादी कारवाई करण्याचा अधिकार अमुक कलमाने दिला आहे, एवढे दाखविले की शासनाचे काम संपले, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. ती इंग्रजी अमदानीची देणगी होय. परकीय राज्यकर्त्याला प्रजेपुढे कारणे मांडावयाची नसतात. त्याला केवळ हुकूम काढावयाचा असतो. स्वराज्यात मात्र प्रश्न तेथे संपत नाही, तेथून सुरू होतो. अधिकार आहे, ठीक. पण या माणसावर, या वेळी, एवढा का?

१९९४ मध्ये जोगिंदरकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद अटकेच्या संदर्भात स्पष्ट केला. एका तरुण वकिलाला पोलिसांनी अनेक दिवस अडकवून ठेवले होते. अटकेचा अधिकार असणे ही एक गोष्ट आणि तो वापरण्याचे समर्थन असणे ही दुसरी गोष्ट, असे न्यायालयाने बजावले. साध्या भाषेत सांगायचे तर, हातात काठी आहे हे ती उगारण्याचे कारण होऊ शकत नाही.

या विचाराचे आधुनिक मूळ जर्मनीत सांगितले जाते. बर्लिन शहरात क्रॉइत्सबेर्ग नावाच्या टेकडीवर नेपोलियनविरुद्धच्या विजयाचे राष्ट्रीय स्मारक आहे. ते दुरून नीट दिसावे म्हणून पोलिसांनी आसपासच्या इमारतींच्या उंचीवर निर्बंध घातले. १८८२ मध्ये प्रशियाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो निर्बंध अवैध ठरविला. पोलिसांचे काम लोकांवरील धोका टाळण्याचे, शहराची शोभा राखण्याचे नव्हे, असे त्या निर्णयाचे सूत्र होते. ध्यानात घ्या, ते न्यायालय राष्ट्रीय स्मारकाच्या विरोधात नव्हते. ज्या कामासाठी बळ दिले, त्याच कामासाठी ते वापरा, एवढेच त्याचे म्हणणे होते. राष्ट्रभावना प्रखर असलेल्या त्या काळातील प्रशियात हा निर्णय झाला, हे विशेष होय.

चार प्रश्न

आपल्या देशात हा विचार राज्यघटनेबरोबरच आला. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला भाषणाचे, संचाराचे, व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आणि त्यावर निर्बंध घालण्याची मुभाही शासनाला दिली. मात्र तो निर्बंध वाजवी असावा, अशी अट घातली. ‘वाजवी’ या एका शब्दात पुढचे सारे न्यायशास्त्र सामावलेले आहे.

घटना लागू झाल्याच्या वर्षीच, १९५० मध्ये, चिंतामण राव खटल्याचा निर्णय झाला. तत्कालीन मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून काही गावांत विडी वळण्याच्या धंद्यावर सरसकट बंदी घालण्यात आली होती. हेतू वाईट होता का? मुळीच नाही. धान्यटंचाईचे दिवस होते आणि शेतीला माणसे हवी होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने विचारले, की जी वृद्ध, अपंग माणसे, ज्या स्त्रिया शेतात राबू शकत नाहीत, त्यांच्या हातची विडी काढून घेतल्याने शेतीला एकही मजूर मिळणार आहे काय? विडीकामाचे तास ठरवून देता आले नसते काय? सरसकट बंदी रद्द झाली. सुक्याबरोबर ओलेही जाळणारा निर्बंध वाजवी नव्हे, असा त्याचा अर्थ.

पुढे हा विचार अधिक रेखीव होत गेला. २०१६ मध्ये मॉडर्न डेंटल कॉलेज खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या तत्त्वाच्या चार पायऱ्या सुस्पष्टपणे स्वीकारल्या. २०१७ मध्ये खासगीपणाच्या अधिकाराचा निर्णय देताना नऊ न्यायमूर्तींच्या पीठानेही हाच मापदंड मान्य केला. या चार पायऱ्या म्हणजे शासनाच्या कोणत्याही आदेशाला विचारावयाचे चार प्रश्न होत.

पहिला प्रश्न हेतूचा. जे साधावयाचे आहे ते कायद्याला धरून आणि लोकहिताचे आहे काय?

दुसरा प्रश्न उपयुक्ततेचा. या कारवाईने तो हेतू खरोखर साधणार आहे काय? की ‘काहीतरी केले’ हे दाखविण्यापुरतीच ती आहे?

तिसरा प्रश्न गरजेचा. याहून कमी त्रासाचा, तितकाच परिणामकारक मार्ग उपलब्ध होता काय? असेल, तर तो का सोडला?

चौथा प्रश्न तोलाचा. समाजाला होणारा लाभ आणि त्या माणसाचे होणारे नुकसान एका तराजूत घातले, तर पारडे कोणीकडे झुकते?

या प्रश्नांसाठी कायद्याची पदवी लागत नाही. घरातील कर्ता पुरुष किंवा घरची कर्ती बाई मुलाला शिक्षा करताना हेच चार प्रश्न मनाशी विचारीत असते. फरक इतकाच, की घरात माया असते म्हणून ते आपोआप विचारले जातात. शासनात माया असेलच असे नाही, म्हणून ते लिहून ठेवावे लागतात.

पालघरचा धडा

आता आपल्या पालघरकडे येऊ. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या रस्त्यांवर जो जनसागर लोटला, त्याचे वर्णन मी तुम्हांला करायला नको. या सभागृहातील अनेक जण त्या अंत्ययात्रेत असतील. त्या दिवशीच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. लोक बंद पाळत आहेत ते आदराने की धाकाने, असा त्यांचा आशय होता. तिच्या एका मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. दोघींवर गुन्हा दाखल होऊन त्यांना अटक झाली. तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली.

त्या ओळी आपल्याला आवडल्या नाहीत, हे मी गृहीत धरतो. शोकाच्या दिवशी असे लिहिणे अप्रशस्त होते, असेही कोणी म्हणेल. परंतु ते आपले मत झाले. शासनाला विचारावयाचे चार प्रश्न त्याने बदलत नाहीत. हेतू काय होता? शांतता राखणे. तो योग्यच होता. मग शांतता कोण भंग करीत होते? लिहिणारी तरुणी, की दवाखाना फोडणारा जमाव? तरुणीला कोठडीत घातल्याने जमाव शांत होतो, असे मानले तर उद्या प्रत्येक जमावाला आपला बळी मागण्याचे शास्त्र सापडेल. याहून सौम्य उपाय नव्हता काय? घराला पोलीस संरक्षण देता आले असते. समज देऊन प्रकरण मिटविता आले असते. आणि तोलाचे म्हणाल, तर एका बाजूला काही ओळींमुळे दुखावलेले मन आणि दुसऱ्या बाजूला विशी-एकविशीतील मुलीच्या नावावर कायमची पोलीस नोंद. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे म्हणतात, ते याहून निराळे काय असते?

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. दोघींना जामीन मिळाला, राज्य शासनाने दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले, आणि खटलाही बंद झाला. परंतु विषय तेथे थांबला नाही. या घटनेने अस्वस्थ झालेली श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्रासदायक किंवा गैरसोयीचा वाटेल असा मजकूर पाठविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारे हे कलम इतके संदिग्ध आणि इतके पसरट होते, की त्याच्या जाळ्यात अपराध्याबरोबर निरपराधही सापडावा. एखाद्या मताची चर्चा करणे, त्याचा आग्रहाने पुरस्कार करणे आणि हिंसेला चिथावणी देणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शासनाचा हात तिसऱ्या पायरीलाच पोहोचतो, असा विवेक त्या निर्णयाने केला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्या लहानशा गावातील घटनेने सबंध देशाचा कायदा बदलला.

येथे एक खेदाची गोष्ट सांगितली पाहिजे. कलम रद्द होऊनही देशाच्या अनेक भागांत त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये. म्हणजे न्यायालयाने कायदा पुसला, तरी पोलीस ठाण्यातील सवय पुसली जात नाही. ती पुसण्याचे काम जागरूक समाजाचे आहे.

आपल्या परंपरेतील तोल

कोणी म्हणेल, की हे सारे पाश्चात्त्यांचे उसने तत्त्वज्ञान. तसे मुळीच नाही. ‘यथार्हदंड’ हा शब्द कौटिल्याचा आहे. अर्थशास्त्रात दंडनीतीचा विचार करताना त्याने अतिरेकी जरब आणि बोटचेपी ढिलाई ही दोन्ही टोके राज्याला घातक ठरविली आणि अपराधाला साजेशा दंडाची बाजू घेतली. मृदू शासन हे चांगले शासन, असे त्याने म्हटलेले नाही. योग्य मात्रेचे शासन तेच चांगले शासन, असे त्याचे प्रतिपादन आहे.

ही दृष्टी आपल्या वसईनेही पाहिली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला, तो प्रचंड मनुष्यहानी सोसून. तरीही तह झाल्यावर पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले. युद्धाचा हेतू किल्ला घेणे आणि उत्तर कोकण मुक्त करणे हा होता. तो साध्य झाल्यावर पुढचा प्रत्येक घाव हेतूवाचूनचा ठरला असता. बळ असूनही ते थांबविणे, हेच खरे बळ.

याहून नेमके उदाहरण हवे असेल, तर ते शिवशाहीची राजनीती ग्रथित करणाऱ्या आज्ञापत्रात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात आरमाराचे प्रकरण आहे. आरमाराला लाकूड लागते. राज्याच्या संरक्षणाहून मोठा हेतू तो कोणता? तरीही तेथे क्रम लावून दिला आहे. आधी अरण्यातील लाकूड परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूड कामाचे असले, तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्णच झाले असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे. आमचे चारही प्रश्न येथे क्रमाने आलेले दिसतील. हेतू, उपयोग, कमी त्रासाचा पर्याय आणि अखेर रयतेच्या नुकसानीचा तोल. दीडशेहून अधिक वर्षांनी जर्मनीत जे शास्त्र झाले, ते आपल्याकडे राजनीतीचा व्यवहार म्हणून लिहिले गेले होते.

आजच्या काळात त्याचे प्रत्यंतर याच पट्ट्यात आले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आपल्या जिल्ह्यातून जाते. मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून सुमारे ५३ हजार तिवरांची झाडे तोडावी लागतील, असा आरंभीचा अंदाज होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयामुळे तिवरे तोडण्यासाठी सार्वजनिक हित दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आराखड्यात बदल केल्यावर हा आकडा सुमारे २२ हजारांवर आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने तेवढ्याला परवानगी दिली. पाचपट झाडे लावण्याची हमीही देण्यात आली. प्रकल्प थांबला नाही. पण ‘याहून कमी चालेल काय?’ हा प्रश्न विचारला गेल्याने तीस हजारांवर झाडे आराखड्यातून वगळली गेली. प्रमाणशीरता म्हणजे विकासाला विरोध, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

उशीर हीच खरी अप्रमाणता

आता नालासोपारा. अग्रवाल नगरी परिसरात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. बनावट कागदपत्रांच्या आधारे त्यांतील सदनिका विकल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून त्या घेतल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २०२४ मध्ये इमारती पाडण्याचा आदेश झाला, सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही, आणि २०२५ च्या आरंभी शेवटची इमारत पडली. पुढे त्याच वर्षी अंमलबजावणी संचालनालयाने या प्रकरणी छापे घातले.

न्यायालयाचा आदेश चुकला, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर, सार्वजनिक आरक्षणावर, खोट्या परवान्याने उभी केलेली इमारत केवळ तेथे माणसे राहतात म्हणून वैध ठरू लागली, तर कायद्याने वागणाऱ्या बिल्डरला आणि पदरमोड करून अधिकृत घर घेणाऱ्याला मूर्खच म्हणावे लागेल. प्रश्न निराळा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. अनधिकृत बांधकाम जोत्याच्या पातळीवर असतानाच काम थांबविण्याची नोटीस देण्याचा अधिकार त्यात आहे. पहिल्या इमारतीचे जोते उभे राहिले, त्या दिवशी एक नोटीस, एक पहारा आणि एक फौजदारी तक्रार पुरली असती. नुकसान झाले असते ते एकट्या बिल्डरचे, आणि तेही सिमेंट-सळईपुरते. तो दिवस गेला. मजले चढले, सदनिका विकल्या गेल्या, वीज-पाणी आले, मुले शाळेत जाऊ लागली. आता तोच कायदा अमलात आणायचा, तर अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर येणार. सुळसुळाट उंदरांचा आणि आग सबंध घराला!

म्हणून मी असे म्हणतो, की अप्रमाण कारवाईचा जन्म कारवाईच्या दिवशी होत नाही. ज्या दिवशी लहान उपाय टाळला जातो, त्या दिवशी होतो. हा टाळण्याचा दोष केवळ आळसाचा असतो असे नाही. त्यामागे हितसंबंध असतात, हे आपण सारे जाणतो. ज्याने लहान बळ वेळेवर वापरले नाही, त्याचे नाव मोठे बळ वापरण्याच्या दिवशी कोणीच घेत नाही. हातोडा पडतो तो शेवटच्या खरेदीदाराच्या डोक्यावर.

आणि लहान उपायही नाही, मोठाही नाही, अशी स्थिती राहिली तर काय होते, ते विरारच्या रमाबाई अपार्टमेंटने दाखविले. १७ जीव गेले. प्रमाणशीरतेचे तत्त्व म्हणजे शासनाने हात आखडता घेणे, असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या ढिगाऱ्याची आठवण ठेवावी. धोकादायक इमारत रिकामी न करणे ही दया नव्हे. धोका मोठा आणि समोर असेल, तर कठोर उपाय हाच प्रमाणशीर उपाय असतो. दहशतवाद्याशी गाठ असेल तेथे मात्राही तशीच जालीम हवी, यात कोणाला शंका असण्याचे कारण नाही. तराजू हा बळाच्या विरुद्ध नसतो. तो आंधळ्या बळाच्या विरुद्ध असतो.

पाडकामाच्या बाबतीत आता स्पष्ट नियमही उपलब्ध आहेत. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने देशभरासाठी निर्देश दिले. पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस, संबंधिताचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकून घेणे, कारणांसह लेखी आदेश, आदेशानंतर पुन्हा १५ दिवसांचा अवधी, आणि कारवाईचे चित्रीकरण. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बांधकामाचा काही भाग नियमित होऊ शकतो काय आणि पाडणे हाच एकमेव मार्ग का, याचे उत्तर आदेशातच द्यावे लागेल. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः भरपाई द्यावी लागू शकते. रस्ता, पदपथ, नदीपात्र यांवरील अतिक्रमणे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडकामे यांना हे निर्देश लागू नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. अतिक्रमण करणाऱ्याला संरक्षण देणारा हा निर्णय नाही. कोणाचे तरी घर पाडून दुसऱ्या कशाची तरी शिक्षा देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तो अटकाव करतो.

याआधी १९८५ मध्ये ऑल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य केला होता. मात्र पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, त्या हलवू नयेत, असे सांगितले. अधिकार तोच, कायदा तोच, फक्त वेळ बदलली. मृगात आणि आश्विनात एकाच कारवाईचे वजन वेगळे असते, हे कोकणातील माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

कसोटी परक्याची

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. पण तो टाळून चालणार नाही.

आपल्यापैकी ज्येष्ठांना १९७५ आठवत असेल. आणीबाणी आली, ४ जुलैला संघावर बंदी आली, असंख्य कार्यकर्ते मिसाखाली तुरुंगात गेले. ना आरोपपत्र, ना सुनावणी, ना मुदत. किती घरांतील कमावता माणूस एका रात्रीत उचलला गेला! एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला उच्च न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. त्याच काळात मुंबईत वकिलांना नागरी स्वातंत्र्यावर बंदिस्त सभागृहात सभा घ्यायची होती, तर पोलीस आयुक्तांनी तीही नाकारली. नरेंद्र नथवानी उच्च न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांच्या पीठाने तो नकार रद्द ठरविला. चार भिंतींच्या आत शांतपणे केलेल्या चर्चेने राज्य कोसळत नाही, हे सांगायला त्या दिवसांत धैर्य लागत होते. १९७६ चा तो बहुमताचा निर्णय २०१७ च्या नऊ सदस्यीय पीठाने अखेर मोडीत काढला.

त्या काळी आपण तराजूच्या ज्या बाजूला होतो, ती बाजू विसरू नका. सत्ता बदलत असते. आज ज्याच्या हाती काठी आहे, त्याच्यावर उद्या ती उगारली जाऊ शकते. पण केवळ या सोयीच्या हिशेबाने हे तत्त्व मानावे, असे मला म्हणायचे नाही. ते न्याय्य आहे म्हणून मानावे. आणि ते आपण खरोखर मानतो की नाही, हे आपल्या माणसाच्या बाबतीत कळत नाही. जो आपल्याला आवडत नाही, ज्याचे बोलणे खटकते, ज्याचा मोहल्ला वेगळा, पक्ष वेगळा, त्याच्यावर कारवाई होताना आपण हे चार प्रश्न विचारतो काय, येथे कसोटी लागते. पालघरच्या त्या तरुणीच्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी ते विचारले, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

आपले काम

मग कार्यकर्त्याने करावे काय? मी फार मोठ्या गोष्टी सांगणार नाही.

आपल्या वस्तीत कोणावरही कारवाईची नोटीस आली, तर ती आधी नीट वाचा. तारीख, कलम आणि कारण पाहा. तोंडी हुकूम मानण्यापूर्वी लेखी आदेश मागा. उत्तर मुदतीत आणि लेखी द्या, त्याची पोच घ्या. घर घेणाऱ्या शेजाऱ्याला बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन पडताळून पाहायला सांगा. शक्य असेल तर त्याच्याबरोबर जा. आपल्या प्रभागात अनधिकृत जोते उभे राहताना दिसले, तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार करा. पाचव्या मजल्याची वाट पाहू नका. ते जोते आपल्या ओळखीच्या माणसाचे असेल, तर विशेष तत्परतेने करा. आणि आपल्यापैकी जे शासनात, पोलिसांत, महापालिकेत सेवेत आहेत, त्यांनी सही करण्यापूर्वी फक्त तिसरा प्रश्न स्वतःला विचारावा. याहून कमी त्रासाचा मार्ग होता काय? त्याचे उत्तर आदेशात दोन ओळींत लिहिता येत नसेल, तर सही थांबवावी.

राष्ट्र समर्थ व्हावे, शासन खंबीर असावे, ही आपली आकांक्षा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या शासनाला आपला हात किती उचलावा हे कळते आणि केव्हा उचलावा हेही कळते, त्याच शासनाला प्रजा मनापासून मानते. धाकाने मिळणारी शांतता पोलीस गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंतच टिकते.